वाचकांचे प्रश्न : जुन्या फ्लॉपी ड्राइव्हवर किती विसंबावे?

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या छापखान्यातील साडेतीन इंची चाळीसेक फ्लॉप्या कपाटात सापडल्या आणि माळ्यावरचा संगणकही सुरू झाला. पहिल्या दोन फ्लॉप्या नीट उघडल्या. तिसरी घालताच खरखर झाली आणि आता पहिल्या दोन्हीही उघडत नाहीत. दोष फ्लॉपीचा की ड्राइव्हचा?
– एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : चौथी फ्लॉपी कृपया घालू नका. आपण सांगितलेल्या क्रमावरून तिसऱ्या फ्लॉपीने ड्राइव्हचे हेड (चकतीवरचा मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग) खराब केले असावे, असा संशय येतो. हार्ड डिस्कमध्ये हेड तबकडीच्या किंचित वर तरंगते. फ्लॉपीत मात्र ते मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीला प्रत्यक्ष टेकलेले असते. साताऱ्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या फ्लॉपीला बुरशी लागणे नवलाचे नाही. ती बुरशी किंवा चकतीवरून सुटलेला, मजकूर साठवणारा चुंबकीय लेप हेडला चिकटला, की तेच हेड पुढच्या धडधाकट फ्लॉपीवरही ओरखडे काढते.

तिसऱ्या फ्लॉपीचे सरकते झाकण बाजूला करून, मागचा धातूचा गोल बोटाने हळूहळू फिरवत चकती उजेडात पाहा. पांढुरके ठिपके बहुधा बुरशीचे असतात. गोलाकार चर दिसला तर लेपच खरवडला गेला आहे आणि तेवढा मजकूर गेला, असे समजावे. पहिल्या दोन फ्लॉप्यांवर चर नसेल, तर त्या अजून वाचवता येण्याजोग्या असतील. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने, अगदी हलक्या हाताने पुसावे. वरच्या हेडची दांडी उचलू नये, कारण ती वाकली तर ड्राइव्ह कायमचा गेला. त्यानंतर पहिली चाचणी बिनकामाच्या फ्लॉपीवरच घ्यावी.

हा ड्राइव्ह इतक्यात भंगारात मात्र देऊ नका. फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, म्हणजे मजकुराच्या गोलाकार वाटा, इतके दाटीने असतात की हेड जरासे सरकलेल्या ड्राइव्हने लिहिलेले दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येत नाही, आणि ज्याने लिहिले तोच ते सुरळीत वाचतो. यूएसबीला जोडायचा नवा फ्लॉपी ड्राइव्ह जरूर आणा, पण या जुन्याच्या जोडीला.

फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवा, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. आणि संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले, तर नकारच द्या. मजकुराबरोबर त्याच संगणकातील मराठी फॉन्टच्या फाइलीही उतरवून घ्या, कारण त्या काळचा मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात) नसल्याने फॉन्टवाचून पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल.