जुनी बोट की नवी?

प्रश्न : निवृत्तीनंतर मांडव्यापर्यंत फिरायला केबिनची मोटरबोट घ्यायची आहे. वीस वर्षांची मोठी घेऊ की त्याच पैशात छोटी नवी? – एक वाचक, बेलापूर

उत्तर : मी जुनीच घेईन, पण पाण्याबाहेर काढून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. फायबरचा जाड तळ वीस वर्षं सहज टिकतो. त्यावरून हात फिरवा. फोड लागला आणि टोचल्यावर आंबट वासाचं पाणी आलं, तर समजा, आत पाणी मुरलंय. डिझेल इंजिन थंड असतानाच तुमच्यासमोर सुरू करायला लावा, धूर नीट बघा. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, खोलून घ्याच; खारं पाणी तो आतून खातं. आपल्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा कमी पाण्यात तरंगणारी बोट निवडा. आणि दुरुस्तीसाठी पैसे वेगळे ठेवा, काका.