मराठवाड्यात स्मार्ट विद्यापीठ परिसराचं नियोजन करताना आधी कोणत्या सोयी घ्याव्यात?

आधी पाणी आणि वीज मोजायची सोय करा, मग वायफाय घ्या. ॲप आणि चेहरा ओळखणारी हजेरी सगळ्यात शेवटी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यामुळे आपल्या भागात पहिला पैसा पाण्यावरच गेला पाहिजे. मुख्य लाइनवर मीटर आणि प्रत्येक वसतिगृहाच्या टाकीला पातळी दाखवणारा सेन्सर, एवढ्याने सुरुवात होते. मी एका कॉलेजच्या देखभालीचं काम बघतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता, सगळे नळ बंद असताना मीटर फिरताना दिसला आणि जमिनीखालची गळती सापडली. तोवर आम्ही मुलींच्या वसतिगृहालाच ‘पाणी जपून वापरा’ म्हणून बजावत होतो, हे आजही खटकतं.

बाकीच्या सोयींचा क्रम लावताना एवढं विचारा:
- रोज किती जणांना लागते?
- बंद पडली तर काय अडतं?
- दुरुस्त करणारा माणूस गावात मिळतो का?

एक मात्र आहे. लाइट गेली की राउटर बंद पडत असेल, तर सेन्सरचे आकडे पोचणारच नाहीत. नेटवर्कसाठी यूपीएस पहिल्याच टप्प्यात घ्या.