वाचकांचे प्रश्न : रियुनियनचा थांबा

प्रश्न : माझा मुलगा मित्रांसोबत शिडाच्या नौकेने मॉरिशसहून दक्षिण आफ्रिकेला निघाला असून सध्या रियुनियन बेटावर थांबला आहे. एवढ्या मोठ्या बेटाभोवती नांगर टाकायला धड जागा नाही, म्हणून बंदरात जागा घ्यावी लागली आणि हवा साथ देईपर्यंत पुढे निघता येणार नाही, असे तो सांगतो. हे खरे आहे, की डोंगर भटकायला मिळावेत म्हणून काढलेली सबब? (एक आई, नेरूळ)

उत्तर : सबब नाही, आणि त्या निमित्ताने डोंगर भटकून होत असतील, तर तुम्हीही फार मनावर घेऊ नये.

रियुनियन म्हणजे समुद्रतळापासून उभ्या राहिलेल्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला माथा. पितों दे नेज हे त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,०७० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि बेटाची लांबी मात्र जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. असा डोंगर पाण्याखालीही तसाच उतरत जातो. त्यामुळे किनारा सोडून थोडे बाहेर गेले की नांगराची साखळी पुरत नाही, आणि जिथे खोली बेताची असते तिथे तळाशी बहुधा नद्यांनी वाहून आणलेले गोटे किंवा प्रवाळ असते. आपल्या ठाणे खाडीतल्या चिखलात नांगर जसा रुतून बसतो, तसा तो गोट्यांत बसत नाही. आत शिरलेल्या, वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या खाड्या या बेटाला जवळजवळ नाहीतच. म्हणूनच वायव्येकडचे मुख्य बंदर नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या सपाटीवर खोदून काढावे लागले आणि ते १८८६ मध्ये पुरे झाले. भटक्या नौका तिथे किंवा दक्षिणेकडील सें-पिएरला जागा मागतात; जागा आधी विचारून ठेवली नसेल, तर वाट पाहावी लागते.

बेटाजवळ येतानाही वाऱ्यावरची सत्ता याच डोंगराकडे असते. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे डोंगराला थडकून दोन्ही अंगांनी वळतात आणि वळणावर त्यांचा जोर वाढतो, तर डोंगराआडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडे लोंबकळत राहतात आणि तिथे दिवसा खारे, रात्री मतलई असे मंद वारेच काय ते भरवशाचे. या दोन पट्ट्यांची सीमा ओलांडताना वारा काही मिनिटांत बदलतो. निवांत वाऱ्यात पुरे शीड उभारून चाललेली नौका अशा जागी एकदम आडवी झुकते, म्हणून जाणते खलाशी सीमा येण्याआधीच शीड आखडून घेतात आणि वारा नसल्याच्या पट्ट्यात सरळ इंजिन लावतात.

आता मुक्कामाविषयी. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा काळ असतो. तिथे पाऊस किती पडू शकतो, याची कल्पना आपल्याला २६ जुलै २००५ वरून करता येईल. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रियुनियनच्या फॉक-फॉक येथे जानेवारी १९६६ च्या वादळात तेवढ्याच वेळात १,८२५ मिलिमीटर झाला, आणि तो जागतिक उच्चांक आहे. म्हणून बहुतेक नौका नोव्हेंबर सरण्याआधीच आफ्रिकेकडे निघतात. मात्र घाई करूनही चालत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो, काही ठिकाणी चार-पाच नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने, आणि त्याच्या विरुद्ध नैर्ऋत्येचा वादळी वारा सुटला की लाटा उभ्या भिंतीसारख्या आखूड आणि उंच होतात. रियुनियनपासून रिचर्ड्स बे किंवा डर्बनपर्यंतचे अंतर ढोबळमानाने चौदाशे सागरी मैलांचे, म्हणजे साधारण दहा दिवसांचे आहे. इतक्या दिवसांचा अंदाज कोणी खात्रीने देऊ शकत नाही. म्हणून निदान सुरुवात चांगल्या हवेत व्हावी आणि प्रवाह ओलांडण्याच्या वेळी वारा उलटा नसावा, एवढे पाहूनच नांगर उचलतात. तुमचा मुलगा थांबला आहे, याचा अर्थ नौकेवर कोणीतरी शहाणे आहे.

थांबलाच आहे तर त्याला माफातला जायला सांगा. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात गाडीरस्ता नाही. वस्त्यांना सामान हेलिकॉप्टरने जाते आणि माणसे पायी ये-जा करतात. सकाळ सरता सरता माथ्यावर ढग जमू लागतात, म्हणून पहाटेच निघावे. पोहायला मात्र प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातच किंवा आखून दिलेल्या जागीच उतरावे. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून इतरत्र पोहण्यावर निर्बंध आले आहेत. बेट फ्रान्सचे आणि चलन युरो असले, तरी ते शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. नुसत्या शेंगेन व्हिसावर भारतीयांनी विसंबू नये.

प्रश्न : पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण आणि रियुनियनचा ज्वालामुखी यांचे नाते आहे, असे ऐकले. खरे काय? आणि तो ज्वालामुखी जागा असताना नौका जवळून नेता येते का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : नाते आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा, ज्याचा पारसिकचा काळा पाषाण बनला, ज्या तप्त स्रोतातून आला, तो आज रियुनियनखाली आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची खूण राहिली. मॉरिशसही त्याच स्रोताचे अपत्य आहे. सह्याद्री कधीच थंडावला. रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या अतिशय जाग्या ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याचा लाव्हा सहसा पूर्वेच्या निर्मनुष्य उतारावरून वाहतो. १९७७ मध्ये मात्र तो एका गावातल्या चर्चच्या दारापर्यंत पोहोचला होता, आणि त्यानंतर १९७९ मध्ये तिथे कायमची वेधशाळा उभारण्यात आली.

लांबून हा उद्रेक पाहता येतो. लाव्हा समुद्राला मिळत असेल, तर त्या बाजूला नौका नेऊच नये : तिथल्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि थंड होऊन नुकताच तयार झालेला काठ न सांगता कोसळतो.