बाबांकडून काहीतरी घ्या

ओहायोहून आलेल्या एका लांबलचक पत्रात चार काळज्या आहेत : वडिलांशी न होणारे बोलणे, मुलांचे मोडके मराठी, स्वयंपाकघरातली सासू-सुनेची धुसफूस आणि पाहुण्या आईवडिलांचा आरोग्यविमा. पत्रलेखकाने चारही प्रश्नांना सारखी जागा दिली आहे. मी देणार नाही, कारण पहिला प्रश्न सुटला तर उरलेले तिन्ही अर्धे होतात असे माझे जुने मत आहे आणि या सदराच्या वाचकांना ते पाठही झाले असेल.

पत्रलेखक म्हणतात, "बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि आमचे बोलणे 'जेवलात का' आणि 'हीटर वाढवू का' यापुढे जात नाही. एका मित्राने सुचवले म्हणून शनिवारी त्यांच्यासोबत 'नेब्रास्का' पाहिला. बाप-लेकाचा विनोदी चित्रपट आहे असे ऐकले होते. शेवट पाहून मला रडू आले. बाबा एवढेच म्हणाले, 'ट्रक चांगला मिळाला त्याला,' आणि झोपायला गेले. त्यांना चित्रपट कळलाच नाही असे मला वाटते."

महाशय, तुमच्या वडिलांना चित्रपट तुमच्यापेक्षा जास्त कळला आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिग्दर्शक अलेक्झांडर पेन हा स्वतः अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराचा, आणि २०१३ साली आलेला हा चित्रपट त्याने हट्टाने कृष्णधवल केला. बापाची भूमिका करणाऱ्या ब्रूस डर्नला त्यासाठी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात राहणाऱ्या वुडी ग्रँट या म्हाताऱ्याला दहा लाख डॉलर जिंकल्याचे एक पत्र येते. मासिकांचे वर्गणीदार मिळवण्यासाठी लाखो लोकांना पाठवतात तसले ते पत्र असते, पण वुडीला ते खरे वाटते, आणि गाडी चालवण्याची मुभा उरली नसल्यामुळे तो बक्षीस घ्यायला नेब्रास्कातल्या लिंकनपर्यंत, म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटर, पायी निघतो. बायको त्याला शिव्या घालते, थोरला मुलगा त्याला वृद्धाश्रमात ठेवण्याची भाषा करतो, आणि म्युझिक सिस्टिम विकणारा धाकटा डेव्हिड शेवटी कंटाळून त्याला गाडीत घालतो.

वाटेत डेव्हिड वडिलांशी बोलण्याचा प्रयत्न करतो तो तुम्ही नीट आठवून पाहा. तो थेट विचारतो : आईवर तुमचे प्रेम होते का, मुले का होऊ दिलीत, लग्नाचा पश्चात्ताप झाला का. वुडी जी उत्तरे देतो ती या सदरात छापण्यासारखी नाहीत. वाटेतल्या वुडीच्या जुन्या गावी पोहोचल्यावर मात्र तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली एक वृद्ध बाई वुडीच्या तरुणपणाबद्दल आणि कोरियातल्या युद्धावरून तो कसा परत आला त्याबद्दल दोन-चार वाक्ये बोलते, आणि मुलाला इतक्या वर्षांत बापाकडून कळले नव्हते ते कळते. आपल्या पिढीचे बाप प्रश्नांना उत्तरे देत नाहीत. तुम्ही समुपदेशकाच्या सुरात 'बाबा, तुम्हाला काय वाटते?' असे विचारले असणार, आणि त्यांनी 'मला काय वाटायचे आहे' असे म्हणून चॅनेल बदलले असणार. त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

आता मुद्द्याकडे येते. दहा लाखांचे वुडी काय करणार असतो? त्याला एक नवा ट्रक हवा असतो, आणि रंगकामासाठीचा एक कंप्रेसर, कारण जुना कंप्रेसर एड पेग्राम नावाच्या भागीदाराने कित्येक वर्षांपूर्वी नेला तो परत दिलाच नाही. बाकीचे पैसे कशाला हवेत असे मुलगा पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा तो सांगतो की ते तुम्हा मुलांसाठी, तुमच्यासाठी मागे काही ठेवावे असे मला वाटत होते. संपूर्ण प्रवासाचे कारण एवढेच आहे. लिंकनच्या कचेरीतली बाई डेव्हिडला विचारते की तुमच्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे का, तेव्हा तो म्हणतो, नाही, लोक जे सांगतात त्यावर ते विश्वास ठेवतात.

आणि आता तुमच्याच पत्रातली ही वाक्ये पाहा, जी तुम्ही विम्याच्या प्रश्नाच्या आगेमागे सहज लिहून टाकली आहेत : "बाबा मधूनच सांगलीचा फ्लॅट विकून पैसे माझ्या नावावर करू का असे विचारतात. मी दर वेळी सांगतो की मला तुमच्या पैशांची गरज नाही, तुम्ही स्वतःवर खर्च करा. इथे मी त्यांना काही कमी पडू देत नाही."

'मला तुमच्या पैशांची गरज नाही' हे वाक्य तुम्ही प्रेमाने म्हणता, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाने तुमच्या परीक्षांच्या शुल्कासाठी आणि पहिल्या तिकिटासाठी बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले असतील, त्याला आज तुमच्या घरी पेपर आणायला जाता येत नाही, कारण फुटपाथ नाही. दाढीचे सामान घेता येत नाही, कारण कार्ड तुमचे. आणि देवळात जायचे तर सून मोकळी होईपर्यंत थांबावे लागते. सकाळपासून रात्रीपर्यंत तो माणूस फक्त घेतो आहे. देण्यासारखे त्याच्याकडे एकच उरले आहे, ते तो संकोचाने पुढे करतो, आणि तुम्ही दर वेळी हात मागे घेता. मग बोलणे कशावर व्हायचे?

माझे सासरे मिरजेला एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. ते आमच्याकडे आले तेव्हा सामानात पान्यांचा संच घेऊन आले, आणि त्याच्या वजनापायी आईंचे लोणचे मागे राहिले. आमचे यजमान हसले आणि म्हणाले, "बाबा, इथे सगळे मिळते." तो संच गॅरेजमध्ये पडून राहिला आणि सासरे खिडकीपाशी. शेवटी मीच त्यांना म्हटले की माझे शिलाई मशीन अडकते आहे, तुम्ही पाहाल का. खरे तर ते मी टाकूनच देणार होते. त्यांनी ते जमिनीवर पसरले आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलाला, जो एका मोठ्या कंपनीत डिझाइन विभागाचा प्रमुख होता, "बॅटरी नीट धर, हात हलवू नकोस" म्हणून झापले. त्या रात्री जेवताना आगारातल्या संपाची गोष्ट निघाली, जी यजमानांनी जन्मात ऐकली नव्हती. ते मशीन पुढे बरीच वर्षे चालले.

याचा अर्थ सांगलीचा फ्लॅट विकायला लावा असा कोणी घेऊ नये. राहते घर त्यांच्या हयातीत त्यांच्याच नावावर राहिले पाहिजे, आणि या बाबतीत मुलांनी घाई केलेली मला मुळीच खपत नाही. (गावाकडे शेतजमीन असेल तर तीही आत्ता बक्षीसपत्राने नावावर करून घेता येत नाही, अनिवासी भारतीयाला ती वारशानेच मिळू शकते.) पण फ्लॅट नाकारताना दुसरे काहीतरी मागून घ्या. नातवाची सायकल त्यांच्या पेन्शनमधून येऊ द्या आणि किंमत डॉलरमध्ये सांगून त्यांना घाबरवू नका. फ्लॅट घेताना कर्ज कसे उभे केले ते कागद काढून समजावून द्या अशी विनंती करा, आणि त्यांनी व्याजाचा दर सांगितला की तुमच्या इथल्या दराशी तुलना करू नका. अंगणातला एक वाफा त्यांच्या ताब्यात द्या, आणि मेथी उगवली नाही तरी मध्ये पडू नका.

डेव्हिडने शेवटी तेच केले. बक्षीस नाही हे कळल्यावर त्याने बापाला शहाणपण शिकवले नाही. स्वतःची गाडी देऊन ट्रक घेतला, कंप्रेसर घेतला, आणि जुन्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून बापाला ट्रक चालवू दिला, स्वतः मात्र खाली वाकून बसला, म्हणजे बघणाऱ्यांना चालवणारा एकटा वुडीच दिसावा. 'ट्रक चांगला मिळाला त्याला' या तुमच्या वडिलांच्या वाक्यात हे सगळे आले.

उरलेल्या प्रश्नांचे आता लवकर आटोपते. मुलांचे मराठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत सुधारेल, आणि आजोबांनी सायकलचे ब्रेक घट्ट करताना झापले तर त्याहून लवकर सुधारेल. स्वयंपाकघराबद्दल तुमच्या पत्नीने मला स्वतः लिहावे. तुमच्याकडून आलेली एकतर्फी हकिकत मी ग्राह्य धरत नाही. विमा घेताना आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाला तो कितपत लागू आहे ते वाचून घ्या, कारण पाहुण्यांच्या बहुतेक योजनांत तिथेच मेख असते. पुढच्या खेपेला तो विमान सुटण्याआधी घ्या, आणि हप्ता मी भरतो असे बाबा म्हणाले तर भरू द्या.