जुन्या गाडीच्या विम्याच्या क्लेममध्ये एवढे पैसे कापले, सर्व्हेअरने (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) खाल्ले असतील का?

नाही. तुमची गाडी 9 वर्षांची आहे म्हणता, मग घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची वजावट, कापला जाणारच. हेच 'सर्व्हेअरने खाल्ले' आमच्या दाजींनी मला भाचीच्या बारशात चारचौघांसमोर ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कराडच्या अलीकडे रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता आणि माझी 8 वर्षांची वॅगन-आर तिच्यावर जाऊन आदळली. बिल 28,500 झालं, कंपनीने 21,100 दिले. दाजी म्हणाले, "सर्व्हेअरच्या हातावर दोन हजार टेकवले असतेस तर सगळे मिळाले असते." आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पण गॅरेजमध्ये मी त्या सर्व्हेअरशेजारी उभा होतो. एस्टिमेटच्या प्रत्येक ओळीपुढे तो पेनने लिहीत होता, प्लास्टिक की पत्रा. बंपर 2,400 आणि हेडलाइट 3,600, दोन्ही प्लास्टिक, निम्मे गेले. बॉनेट 6,000चं, पत्र्याचं. 5 ते 10 वर्षांच्या गाडीला पत्र्यावर 40 टक्के, म्हणजे 2,400 गेले. पुढची काच 4,500 आणि मजुरी 4,000, त्यातला रुपयाही कापला नाही. पेंटचे 8,000, त्यात चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 1,000. वर 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आपणच भरायचे असतात. करा बेरीज, 7,400. हे दर पॉलिसीतच छापलेले असतात. यात लाच कुठे बसते ते दाजींनी मला अजून सांगितलेलं नाही.

दोष द्यायचाच तर एजंटला द्या. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असतं तर भागांवरचा हा घसारा वाचला असता, हे मला पॉलिसी काढताना त्याने सांगायला हवं होतं. आणि हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, पाडून घेऊ नका. गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळतात. दाजींनी तेही केलंय.

हं, झीरो डेप बहुतेक ठिकाणी 5 वर्षांपर्यंतच देतात, काही कंपन्या पुढेही देतात; तुमच्या गाडीला मिळेलच असं नाही. आणि तुमच्या बाबतीत चूक झालेलीच नसेल असंही मी म्हणत नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि पत्र्याचा भाग प्लास्टिकमध्ये टाकलाय का, मजुरीवर घसारा लावलाय का, ते तपासा. तसं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही.