रांगोळी उलटीकडं का पळते?

या खेपेला चार प्रश्न घेतलेत, चारही कला आणि यंत्र यांच्या भांडणाचे. म्हणजे घरातल्या लोकांच्या भांडणाचे म्हणा, कला आणि यंत्र बिचारी गप्पच असतात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीला आहे. जुन्या स्पीकरवर स्टीलची ताटली ठेवतो, वर रांगोळी टाकतो आणि मोबाईलवरनं एकसुरी आवाज वाजवतो. व्हिडिओत कशी छान नक्षी उमटते, आमच्याकडं नुसते ढिगारे होतात आणि घरभर पांढरी धूळ. त्याला हे कॉलेजच्या चित्रप्रदर्शनात ठेवायचंय. त्याचे वडील म्हणतात हा सायन्सचा प्रयोग आहे, कला नव्हे. कोण बरोबर?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी ढिगाऱ्याचं बघू, वडलांचं नंतर.

तुमची रांगोळी फार बारीक आहे, बाकी काही नाही. पत्रा थरथरतो तेव्हा त्याच्यावर काही रेषा अशा असतात की तिथं हालचालच होत नाही, जाड कण उड्या मारत मारत त्या शांत रेषांवर येऊन बसतात आणि नक्षी दिसते. पण पीठ असेल तर ते बरोब्बर उलटं करतं, जिथं सगळ्यात जास्त थरथर आहे तिथंच गोळा होतं, कारण थरथरणाऱ्या पत्र्यावर हवेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात आणि ते हलक्या पिठाला ओढून नेतात. हे 1831 मध्ये फॅरेडेनं शोधलं, तोच विजेवाला फॅरेडे. म्हणजे तुमच्या पोराच्या ताटलीत चूक झालेली नाही, दुसराच प्रयोग झालाय.

तर रांगोळी चाळणीनं चाळा, वर राहील ती जाडसर घ्या. नाहीतर सरळ बारीक मीठ. आणि ताटली नको, तिचा उभा काठ सगळा घोळ करतो. पत्र्याच्या दुकानातनं एक मिलिमीटरचा सपाट चौकोनी तुकडा कापून आणा, बरोब्बर मध्यभागी भोक पाडून नटबोल्टनं स्पीकरच्या पडद्यावर बसवा. सूर हळूहळू चढवत न्या, मध्येच एका ठिकाणी सगळी रांगोळी एकदम धावते, ते बघताना अंगावर काटा येतो, खरंच. फक्त एकच सूर फार वेळ मोठ्यानं लावून ठेवू नका. मी भावाचा स्पीकर असाच जाळलाय, आत कॉइल तापते, आधी वास येतो आणि मग आवाजच जातो. त्या दिवाळीत भाऊ माझ्याशी बोलत नव्हता.

आता वडलांचं. अर्न्स्ट क्लाड्नी नावाच्या जर्मन माणसानं 1787 मध्ये या आकृत्यांचं पुस्तक छापलं. पत्र्यावर वाळू टाकायचा, काठावर व्हायोलिनचा गज ओढायचा आणि गावोगाव खेळ करून दाखवायचा, अगदी नेपोलियनपुढंसुद्धा. तो खेळ होता का शास्त्र? लोक तिकीट काढून बघायला यायचे एवढं नक्की. आणि आपल्याकडं सी. व्ही. रामन यांनी मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू टाकून अशाच आकृत्या काढल्या, 1934 मध्ये त्या छापूनही आल्या. पुडीवरचा मधला काळा लेप, म्हणजे शाई, नसती तर मृदंग-तबला नुसता धप्प वाजला असता, शाईच्या वजनामुळं त्यातनं सूर निघतो, हे त्यांनी असं डोळ्यांना दिसेल असं मांडलं. शाई बसवणारा कारागीर ते हाताच्या बोटांनी कितीतरी पिढ्या करत होता.

माझं मत विचाराल तर नुसती एक नक्षी करून ठेवली तर तो प्रयोग. पण त्या पोरानं आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून त्या पत्र्याला ऐकवली, आणि कुठल्या शब्दाला रांगोळी कुठं पळते ते बघत बसला, तर मग वडलांना म्हणावं, या बघायला. (ओवीला स्वच्छ नक्षी यायची नाही, सूर सारखा बदलतो ना. पण ती पळापळच बघण्यासारखी असते.)

प्रश्न : मी मिरजेत गाणं शिकते. रियाजाला मोबाईलवरचा तानपुरा लावते, आमच्या बाईंना ते अजिबात आवडत नाही, म्हणतात मेलेल्या तानपुऱ्यापुढं गाऊ नकोस. खरा तानपुरा परवडत नाही. एवढा फरक असतो का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : असतो, आणि तू ज्या गावात राहतेस तिथं तो फरक ऐकायला पैसेसुद्धा पडत नाहीत. सतारमेकर गल्लीत जा आणि कोण जवारी काढत असेल, म्हणजे तारेला गुंजन आणत असेल, तिथं तासभर बस. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीनं घासतात, पुसतात, तार छेडतात, परत घासतात. मग घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतात, केसभर इकडं तिकडं, आणि एका जागी ती तार एकदम बोलायला लागते. तो क्षण ॲपमध्ये नाही.

याचं शास्त्रही रामन यांनीच 1921 मध्ये मांडलं. साधी तार बरोब्बर मध्यावर छेडली तर तिच्यातले काही वरचे सूर उमटायलाच नकोत असा नियम. तानपुऱ्यात ते सगळे हजर! कारण तार घोडीच्या सपाटसर, किंचित गोलाव्यावर घासत टेकत उठते, तिचा टेकायचा बिंदू सतत सरकतो. म्हणजे मिरजेचा कारागीर कानशीनं जे घासत होता त्याच्यापुढं युरोपचं गणित तोकडं पडत होतं. मंगळवेढ्याकडचा भोपळा, लाकूड आणि कान, एवढ्यावर. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, छान झालं, उशीर झाला.

पण बाईंना एक सांग, इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढणारा माणूस गाण्याचा वैरी नव्हता. बंगळुरूचे जी. राजनारायण, स्वतः बासरी वाजवणारे इंजिनीअर, 1979 मध्ये त्यांनी तो केला. गरज होती म्हणून केला. ॲप लाव, फक्त इअरफोन नको, मोबाईलच्या पिचक्या स्पीकरवरही नको, बरा स्पीकर घे. आणि आठवड्यातनं एकदा बाईंच्या तानपुऱ्याला हात लाव, जुळवायला शीक. जुळवतानाच कान तयार होतो, ॲप तर जुळलेलंच येतं, तिथंच नुकसान आहे.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना विज्ञान आणि चित्र एकत्र असं काहीतरी द्यायचंय, पण शाळेत एक कॉम्प्युटर, तोही ऑफिसात. खर्च नको, वीज नको.
— एक कलाशिक्षक, करंजे, सातारा

उत्तर : सर, ऊन आहे ना? मग झालं. सायनोटाइप करा, उन्हाचं निळं चित्र. 1842 मध्ये जॉन हर्शेलनं शोधलं, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईनं समुद्रशेवाळं कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या छापांचं पुस्तक सुरू केलं. 1843, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते साल. इंजिनीअर लोकांची ब्लूप्रिंट म्हणजे हेच.

प्रयोगशाळेला केमिकल पुरवणाऱ्याकडं दोन पुड्या मागा, फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिलं 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम, दुसरं 100 मिलीत 10 ग्रॅम, वेगवेगळ्या बाटल्यांत. वापरताना दोन्ही समान प्रमाणात मिसळायचं, अंधाऱ्या खोलीत कागदावर ब्रशनं लावायचं, वाळवायचं. वर पान, काच ठेवून पाच-दहा मिनिटं ऊन, मग साध्या पाण्यात धुवायचं, पिवळं निघून जातं आणि निळं राहतं. नावात सायनाइड आहे म्हणून पालक घाबरतील, हे त्यातलं नव्हे, पण ॲसिड आणि उष्णता जवळ नको, हातमोजे घाला, मिसळायचं काम तुम्हीच करा.

आणि कास पठारावरची फुलं तोडून आणायची नाहीत हां, तो जागतिक वारसा आहे. शाळेमागची शेवग्याची डहाळी घ्या, इतकी नाजूक छाप दुसऱ्या कशाची येत नाही.

प्रश्न : मंडळाची पोरं म्हणतात यंदा पेंटर नको, एआयकडनं गणपतीचं चित्र काढून फ्लेक्स करू, फुकटात. तुमचं काय म्हणणं?
— मंडळाचा जुना कार्यकर्ता, आष्टा

उत्तर : फुकट ते पौष्टिक असं पोरांना वाटतं. करू द्या, पण छापायच्या आधी हात मोजा, बोटं मोजा, सोंड कुठं वळलीय बघा, मग मोदक कुठल्या हातात आहे तेही.

यंत्राला माझा विरोध नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पडदे रंगवणारेच होते, आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, यंत्र आतनं कसं चालतं ते खोलून बघितलं. तुमच्या पोरांनी काय खोललं? तेव्हा एक करा, पेंटरलाच बोलवा आणि त्याच्या शेजारी पोरांना मोबाईल घेऊन बसवा. एआयची दहा चित्रं काढून दाखवा आणि त्यातली कुठली का फसली ते पेंटरकडनं ऐका. त्याच्या चहाचा आणि मजुरीचा खर्च वर्गणीतनं.