एमजीबीचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बॉनेट अडकलंय? आधी पाना खाली ठेव

भाऊ, पहिलं म्हणजे बॉनेट उघडायचा आतला नॉब जोरात खेचू नकोस, जुनी केबल असते, तुटली की काम दुप्पट. कुणालातरी आत बसवून नॉब हळू ओढून धरायला सांग आणि तू पुढे लॅचच्या (बॉनेटची कडी) वर तळहाताने बॉनेट खाली दाब, लॅचमध्ये अडकलेल्या पिनवरचा ताण गेला की बऱ्याचदा टक् करून सुटतं. पण बुक्क्या मारू नकोस, सुरुवातीच्या एमजीबींना ॲल्युमिनियमचं बॉनेट यायचं, लगेच पोचा पडतो (चुंबक लावून बघ, चिकटलं तर स्टील).

नॉब हातात आला असेल तर आतली तार व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पक्कड) पकडून ओढ. तार लॅचपाशी तुटली असेल तर मात्र खालून किंवा ग्रिलमधून लांब स्क्रू ड्रायव्हरने लॅच सरकवावा लागतो, त्यात वेळ जातो, आणि गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही. कडेने पहार घालून उचकटायचं तर डोक्यातही आणू नकोस, पेंटिंगचा खर्च केबलच्या कितीतरी पट.

उघडलं की लगेच बंद करू नको!! लॅचला ग्रीस लाव, बॉनेट वर असतानाच स्क्रू ड्रायव्हर लॅचमध्ये अडकवून नॉब ओढून बघ सुटतोय का. आणि लॅचला एक जादा तार बांधून खाली लपवून ठेव, केबल परत तुटली तर ती ओढता येईल.